घाटात बंद पडणारी अँबॅसिडर : व्हॅक्यूम गेज आणि पंपाचं प्रेशर मोजून दोष कसा सापडला

पार्श्वभूमी

गाडी १९८६ची अँबॅसिडर मार्क ४, बीएमसीचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणारा, कॅमशाफ्टवर चालणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप. मालक कोल्हापूरचे निवृत्त शिक्षक, त्यांना इथे सर म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली, घरातली तीन लग्नं आणि दोन बाळंतपणं या गाडीने केलीत, त्यामुळे ती विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. वापर कमी आहे, महिन्यातून एकदा रत्नागिरीजवळच्या गावी जाणं आणि मध्ये बाजारहाट एवढंच.

मी जुन्या गाड्यांचं काम हौसेने करतो, माझं गॅरेज नाही, पण हत्यारं बरीच आहेत आणि त्यात एक जुनं गेज आहे ज्याच्या एकाच डायलवर दोन स्केल आहेत, एका बाजूला ० ते ३० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, आणि दुसऱ्या बाजूला ० ते १० पौंड (चौरस इंचाला) प्रेशर. पूर्वी ट्यूनिंगवाल्यांकडे हे असायचंच, आता नवीन पोरांना ते कशासाठी असतं हेही माहीत नसतं कारण इंजेक्शनच्या गाड्यांना स्कॅनर लावला की काम होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे हे गेजच उपयोगाचं.

अडचण काय होती

गाडी कोल्हापुरात सपाटीवर ठीक चालायची. आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं, जरा लंगडं होतं पण सकाळी स्टार्ट व्हायची, ५०-५५ने रत्नागिरीला आरामात उतरायची. येताना मात्र साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागली की दीड-दोन किलोमीटरनंतर आधी झटके, मग दम जायचा आणि मग बंद. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, सेल्फ मारला की चालू. पुन्हा दोन किलोमीटर आणि पुन्हा तेच. एकदा पावसाळ्यात, सरांच्या पत्नी आणि लहान नात बरोबर असताना, धुक्यात वळणावर गाडी उभी राहिली आणि मागून एसटी आली, त्या दिवशी सर खरे घाबरले आणि मग त्यांनी मला फोन केला.

माझ्याकडे यायच्या आधी झालेलं काम

सरांचे नेहमीचे मिस्त्री वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. हात चांगला आहे त्यांचा, अँबॅसिडरचा गिअरबॉक्स ते डोळे मिटून जोडतील. त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "सर, ह्यो वेपर लॉकच हाय, जुन्या गाडीला असतंयच की." वेपर लॉक म्हणजे उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. म्हणून पंप बदलला. फरक नाही. तो पंप डुप्लिकेट असेल म्हणून दुसरा पंप आणला. फरक नाही. कार्ब्युरेटर खोलून धुतला, किट टाकलं, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, पॉइंट घासले. मध्ये गाडी चढाला ठोकायला लागली, म्हणजे पिंगिंग, म्हणून मामांनी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतलं. ठोकणं थांबलं पण गाडी आणखी मंद झाली आणि गरम व्हायला लागली. एकूण साडेआठ हजार गेले आणि दोष जिथल्या तिथे.

यात मामांना दोष देण्यासारखं फार नाही. उष्णता, चढ, थोडं थांबलं की चालू होणं, सगळी लक्षणं वेपर लॉकचीच दिसतात, आणि ओल्या फडक्याने "बरं" वाटायचं म्हणून निदान पक्कं झालं. खरं तर फडक्यापेक्षा थांबणं आणि मग सेल्फ मारणं यानेच कार्ब्युरेटरचा बाऊल (पेट्रोल साठवणारी वाटी) परत भरत होता, पण ते कळायला मोजमाप लागतं.

समोर असलेले पर्याय

सरांसमोर तेव्हा तीन गोष्टी होत्या. एकाने सांगितलं इलेक्ट्रिक पंप डिकीत बसवा, विषय संपेल. दुसऱ्याने सांगितलं इंजिनच दमलंय, बोअर करा (सिलिंडर घासून मोठे करा), रिंग पिस्टन टाका, म्हणजे मोठा खर्च. तिसरा पर्याय मी दिला की एक रविवार द्या, काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं.

इलेक्ट्रिक पंपाला मी विरोध का केला ते सांगतो कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीला साधारण ३ ते ५ पौंड प्रेशर पुरतं, त्याहून जास्त प्रेशरचा पंप लावला तर फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) पेट्रोल धरू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. या इंजिनला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, कार्ब्युरेटर वर आणि तापलेला एक्झॉस्ट त्याच्या खाली. ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल कुठे पडणार ते वेगळं सांगायला नको.

पहिला टप्पा : व्हॅक्यूम

व्हॅक्यूम आधी घेतला कारण ती टेस्ट पाच मिनिटांची आहे, त्यात पेट्रोल उघडं पडत नाही, आणि इंजिनची तब्येत कशी आहे ते त्यात कळतं. इंजिन बोअर करायला झालंय का, हा प्रश्न आधी निकालात काढायचा होता.

गेज कुठे जोडायचं यात लोक चुकतात. डिस्ट्रिब्युटरला अ‍ॅडव्हान्ससाठी जी बारीक नळी जाते ती कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) वरच्या बाजूला उघडते, तिथे आयडलला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, आणि तिथे गेज लावून "व्हॅक्यूम शून्य आहे" म्हणून घाबरणारे मी पाहिलेत. व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डचाच, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीचाच घ्यावा लागतो. या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डवर पितळी प्लग होता, तो काढून निपल बसवली.

इंजिन पूर्ण गरम, आयडल ८००च्या आसपास. काटा ११ इंचांवर. स्थिर.

सर म्हणाले, "अरे, माझ्या पुतण्याने रत्नागिरीत त्याच्या गेजवर बघितलं तेव्हा १३ होतं, म्हणजे आठवड्यात आणखी बिघडली." बिघडली नव्हती. पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. रत्नागिरी समुद्राकाठी, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथे चांगलं इंजिनसुद्धा १५ ते १९ दाखवणार. पुतण्याचे १३ आणि माझे ११ म्हणजे एकच आजार. पण हे माहीत नसतं तर याच दोन इंचांवरून इंजिन उघडलं गेलं असतं.

आता काटा कसा वागतो ते बघायचं, कारण नुसत्या आकड्यापेक्षा काट्याची चाल जास्त सांगते. एखादा व्हॉल्व्ह जळालेला असेल तर काटा ठरावीक ठेक्याने खाली टपकतो. व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतील तर आयडलला थरथरतो आणि रेस केल्यावर शांत होतो. स्प्रिंग कमजोर असतील तर उलट, जितकी रेस वाढवाल तितकी थरथर वाढते. सायलेन्सर चोंदला असेल तर २५०० आरपीएमला धरून ठेवलं की काटा हळूहळू घसरत जातो. इथे यातलं काहीच नव्हतं. मग थ्रॉटल एकदम उघडून सोडला, काटा शून्याजवळ पडला आणि सोडताक्षणी २२च्या पुढे उडून परत ११वर आला. रिंगा गेलेल्या असत्या तर तो असा वर उडालाच नसता. म्हणजे बोअरिंगचा खर्च इथेच वाचला, आणि ते ऐकून सरांचा चेहरा जो सैल झाला तो मला अजून आठवतो.

स्थिर पण कमी काटा म्हणजे मुख्यतः दोन संशय. टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा आत जातेय.

निर्णय १, जो मी चुकवला

टायमिंग मागे घेतलंय हे मला माहीत होतं म्हणून मी आधी तेच हाताळलं. डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला, काटा १४वर आला, आयडल वाढलं, सगळे खूश. चक्कर मारायला गेलो आणि पहिल्याच चढाला इंजिन ठोकायला लागलं. मामा म्हणाले, "म्हणून तर मागं घेतलं हुतं." बरोबर होतं त्यांचं. तासभर गेला आणि टायमिंग पुन्हा मागे घ्यावं लागलं.

चूक अशी की इंजिन ठोकतंय ते का ठोकतंय हा प्रश्न मी विचारलाच नाही. बाहेरची हवा आत जात असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पातळ मिश्रण गरम जळतं आणि ठोकतं, ते थांबवायला मिस्त्री टायमिंग मागे घेतो, टायमिंग मागे गेलं की व्हॅक्यूम पडतो आणि एक्झॉस्ट आणखी तापतो, आणि या गाडीत तो एक्झॉस्ट कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली आहे. मग कार्ब्युरेटर तापतो आणि सगळे म्हणतात वेपर लॉक. एक दोष दुसऱ्याला झाकत होता. हवा आधी बंद करायची, टायमिंगला नंतर हात लावायचा, हा क्रम मला माहीत असूनही मी पाळला नाही.

परतल्यावर कार्ब्युरेटरच्या बुडाशी ऑइलकॅनने एकेक थेंब ऑइल सोडत गेलो. बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, मी मारत नाही, खाली एक्झॉस्ट लाल होईपर्यंत तापलेला असू शकतो. पुढच्या नटाजवळच्या कोपऱ्यावर थेंब गेला आणि बारीक शिट्टीसारखा आवाज, जो आम्ही इतका वेळ ऐकूनही न ऐकल्यासारखा करत होतो, तो बंद झाला. काटा दीड इंच वर चढला, इंजिनचं लंगडणं थांबलं. दोन-तीन सेकंद. मग ऑइल आत ओढलं गेलं, शिट्टी परत सुरू, काटा परत खाली. मामांनी स्वतः कॅन हातात घेऊन तीनदा करून पाहिलं, काही बोलले नाहीत, स्पॅनर घेऊन आले.

कार्ब्युरेटर काढला. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये उष्णता अडवायला जाड ठोकळा असतो, तो दोन्ही टोकांना नट आवळून आवळून वाकला होता, मधे पातळ पट्टी जाईल एवढी फट. गळतंय म्हणून नट आवळायचा आणि आवळला म्हणून आणखी वाकायचं, असं कित्येक वर्षं चाललं असणार. काचेवर एमरी पेपर ठेवून ठोकळा आणि कार्ब्युरेटरचं बूड सपाट केलं, दोन नवीन गॅस्केट, नट आलटून पालटून बेताने. मग टायमिंग लाइटने टायमिंग मॅन्युअलप्रमाणे. काटा १७. चढावर ठोकणं नाही.

टायमिंग नुसत्या व्हॅक्यूमवर लावू नका, हे आवर्जून सांगतो. काटा सगळ्यात वर जाईपर्यंत फिरवत गेलात तर टायमिंग गरजेपेक्षा पुढे जातं.

दुसरा टप्पा : पंप

इथे थांबायचा मोह झाला. गाडी सुंदर चालत होती. पण घाटात पूर्ण बंद पडण्याचं उत्तर मला एवढ्यात मिळालेलं वाटत नव्हतं, म्हणून पंप मोजायचं ठरलं.

आधी प्रेशर. कार्ब्युरेटरच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून त्यावर गेज. इंजिन जरा थंड होऊ दिलं, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी, बॅटरीची वायर सुटी करून जोडणी. तरीही पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर टीच्या एका टोकाचा पाइप निसटला आणि पेट्रोलचा फवारा मॅनिफोल्डकडे उडाला. इंजिन कोमट होतं म्हणून काही झालं नाही. माझी त्या टोकाला क्लिप लावायची राहिली होती. त्यानंतर मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि प्रत्येक क्लिप ओढून पाहिल्याशिवाय चावी फिरवली नाही.

प्रेशर साडेतीन पौंड. उत्तम. मामा लगेच, "बघा, पंप बरोबर हाय, नवाच हाय की."

हा प्रकरणातला मुख्य वळणाचा भाग. आयडलला फ्लोट वर असतो, सुई बंद असते, पेट्रोल जवळजवळ वाहतच नाही, तेव्हा गेजवर दिसतं ते पंपातल्या स्प्रिंगचं प्रेशर. नळ बंद असताना टाकीच्या पाइपात प्रेशर दिसावं तसं. नळ उघडल्यावर बादली किती वेळात भरते ते वेगळंच. म्हणून प्रेशरनंतर व्हॉल्यूम मोजावाच लागतो, आणि बहुतेक जण तो मोजत नाहीत.

पंपाच्या आउटलेटला लांब पारदर्शक पाइप लावून त्याचं टोक बॉनेटपासून लांब जमिनीवर ठेवलेल्या बाटलीत सोडलं, बाऊलमध्ये असलेल्या पेट्रोलवर इंजिन आयडलला मिनिटभर सहज चालतं. अपेक्षा मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास. मिळालं १०० मिली. आणि पाइपात बुडबुडे, सोडा वॉटरच्या बाटलीसारखे, एकामागून एक.

मग कागदावर हिशोब मांडला. सपाटीला ५५ने, लिटरला ११ किलोमीटर धरले तर तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८५ मिलीच्या आत. १०० मिलीत भागतं. घाटात दुसऱ्या गिअरला २८ने, लिटरला ४ किलोमीटर धरले तर तासाला ७ लिटर, म्हणजे मिनिटाला ११५च्या पुढे. दर मिनिटाला १६-१७ मिलीची तूट. बाऊलमध्ये अर्धा कप पेट्रोल मावतं, ते चार-एक मिनिटांत संपणार, आणि २८च्या वेगाने चार मिनिटांत गाडी जाते दोन किलोमीटरच्या आत. सरांनी हिशोब दोनदा तपासला, शिक्षकच ते, आणि म्हणाले, "बरोबर तिथेच बंद पडते, देवळाच्या वळणाला."

निर्णय २ : पंप की लाइन

बुडबुडे म्हणजे सक्शनच्या बाजूने हवा. ती पंपातून येतेय की मागच्या लाइनमधून? तेच गेज पंपाच्या इनलेटला लावलं, यावेळी व्हॅक्यूमच्या स्केलवर. मेकॅनिकल पंपाने किमान ६ इंच ओढायला हवं. ८ ओढलं आणि इंजिन बंद केल्यावर काटा बराच वेळ तिथे राहिला, म्हणजे डायफ्रॅम आणि व्हॉल्व्ह ठीक. मग पंपाला वेगळ्या पाइपने थेट कॅनमधून पेट्रोल दिलं. मिनिटाला ४८० मिली, एकही बुडबुडा नाही.

टाकीचं झाकण उघडं ठेवूनही पाहिलं होतं, व्हेंट (टाकीत हवा जायचं छिद्र) बंद असेल तर झाकण काढल्यावर पुरवठा सुधारतो. सुधारला नाही. राहिली टाकी ते पंप ही लाइन.

गाडीखाली गेलो. टाकीजवळ लोखंडी पाइपाला जोडणारा वीतभर रबरी पाइप. बाहेरून चिखलाने माखलेला, पुसल्यावर बारीक भेगा. पेट्रोल कधीच गळलं नव्हतं कारण या लाइनमध्ये प्रेशर नसतं, ओढ असते, त्यामुळे भेगेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून कुणी तिकडे बघितलंच नाही. पाइप कापून पाहिला तर आतला थर फुगून सुटला होता, नखाने खरवडला की काळे तुकडे हातात. आता बाजारात मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि त्या काळच्या साध्या रबराला ते मानवत नाही. टाकीतली जाळीसुद्धा गंजाच्या गाळाने अर्धी बुजलेली होती.

काय केलं

टाकी उतरवून धुतली, जाळी साफ, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एसएई जे३० आर९ दर्जाच्या (इथेनॉल सोसणाऱ्या) पाइपाने बदलले, दोरीसारख्या तारेऐवजी नीट क्लिपा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळच होतं म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा टाकायचा विचार झाला, पण हवा बंद केल्यावर प्लगचा रंग विटकरी आला म्हणून तो विचार सोडला. मामांचा दुसरा पंप तसाच ठेवला. एकूण खर्च दोन हजारांच्या आत.

निकाल

पुन्हा व्हॉल्यूम, मिनिटाला ४६० मिली. पुढच्या महिन्यात सर, मामा आणि मी तिघं रत्नागिरीला जाऊन आलो. गेजचा व्हॅक्यूमचा पाइप केबिनमध्ये घेतला होता, पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये कधीच घ्यायचा नाही. साखरप्यात चहाला थांबलो तेव्हा आयडलला काटा अठराच्या थोडा वर. देवळाचं वळण आलं, सरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, गाडी वळण घेऊन पुढे गेली, पुढचंही गेलं. वर आंब्याला थांबून पाहिलं तर काटा सतराच्या खाली, उंचीमुळे जेवढा उतरायचा तेवढाच.

परत करायचं झालं तर

टायमिंगला हात लावायच्या आधी हवेची गळती शोधेन, ते लिहिलंच आहे. प्रेशरच्या आधी व्हॉल्यूम घेईन, कारण तोच पहिल्या फटक्यात सांगून गेला असता. आणि व्हॉल्यूमची टेस्ट इंजिन चालू न ठेवता, कॉइलची वायर काढून अर्धा मिनिट नुसत्या सेल्फवर करेन, आकडा कमी येतो पण पेट्रोल उघडं असताना ठिणगी नको. मामांच्या जागी असतो तर पहिला पंप बदलून फरक पडला नाही तेव्हाच तो पंपाचा दोष नाही असं धरलं असतं, दुसरा पंप आणायच्या आधी गाडीखाली एकदा गेलो असतो.

एक काम राहिलंय. गार इंजिन स्टार्ट केल्यावर पहिली दोन मिनिटं काटा अगदी बारीक थरथरतो, गाइड झिजायला लागलेत. सध्या उघडणार नाही. सरांनी एक वही केलीये, दर तीन महिन्यांनी तारीख, ठिकाण, आयडलचा व्हॅक्यूम आणि मिनिटाचा व्हॉल्यूम लिहितात, थरथर वाढली की हेड काढू.

मामांनी गेल्या आठवड्यात माझं गेज मागून नेलं, एका जीपला लावायचंय म्हणाले.